मामांच्या हाकेला ओ

मी ताईंच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश बोलतोय. आधीच सांगतो, शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. माझं शिक्षण अर्धवट. ओळखपत्राचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत मी वाढलो, आणि समोरच्या भिंतीवर ‘मान सरळ ठेवा’, ‘हसू नका’ अशा पाट्या होत्या, त्यांवरून अक्षरं शिकलो. तेव्हा शब्द साधेच येतील.

त्या स्टुडिओत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. माणूस दारातून माणसासारखा येतो, स्टुलावर बसला की पोट आत ओढतो, श्वास कोंडतो आणि पुतळा होतो. मी उडालो, म्हणजे चमकलो, की तो सुटल्यासारखा हसतो. पुढे स्टुडिओ बंद पडला. मालकाने मला लग्नांचे फोटो काढणाऱ्या ताईंच्या हवाली केलं. म्हणाला, “जुना आहे, पण हाकेला ओ देतो.”

तेच माझं दुखणं. मला एक डोळा आहे. दुसरा फ्लॅश चमकलेला दिसला की मी आपोआप उडतो. ताईंच्या कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश लुकलुकतो आणि लांबून खरा उजेड मी टाकतो. पण हाक कोणाची, हे मला निवडता येत नाही. आणि एकदा उडालो की पुन्हा भरायला वेळ लागतो. तोवर मी म्हणजे नुसता डबा.

लग्न वसंतात होतं, शहराच्या जुन्या नगरभवनात. उंच दगडी खांब, रंगवलेलं छत, झिजून मधे खोल गेलेल्या पायऱ्या. बाहेरची झाडं इतकी फुलली होती की निम्मे पाहुणे शिंकत आत येत होते. व्यवस्थापक ताईंच्या मागे मागे फिरत होते.

“खिळा नाही, चिकटपट्टी नाही. भिंतीला टेकायचंसुद्धा नाही.”

“श्वास घेतला तर चालेल ना?” ताई म्हणाल्या.

मग त्यांनी मला स्टँडवर चढवून एका खांबाजवळ उभं केलं.

तेवढ्यात नवरी आली आणि हळूच म्हणाली, “ताई, आईचा फोटोच नाहीये. आजारपणात केस गेले तेव्हापासून काढू देत नाही. उद्या सकाळी तिचं ऑपरेशन आहे. मला तिचा हसरा एक हवाय. बाकीचे सगळे बिघडले तरी चालतील.”

“काढते,” ताई म्हणाल्या.

आणि मग मामा आले. नवरीचे सख्खे मामा. गळ्यात जुना रोलचा कॅमेरा, त्याला त्याचा स्वतःचा फ्लॅश. “हं, इकडे बघा!” म्हणत ते जिथे तिथे घुसायचे. त्यांचा फ्लॅश चमकला की मी उडायचो. मामांनी खांबाचा फोटो काढला, मी उडालो. झोपलेल्या आजोबांचा काढला, मी उडालो. ताईंनी हाक मारली की मी रिकामा!

“काय झालंय याला?” ताईंनी माझे सेल बदलले. बिचाऱ्या सेलांना दोष देत होत्या. मला सगळं दिसत होतं, पण सांगणार कसा?

अखेर आईला चाकांच्या खुर्चीतून आणलं. डोक्याला घट्ट स्कार्फ. नवरीच्या बाबांनी खुर्ची उंच खिडकीपाशी लावली. खिडकीतून ऊन नुसतं ओसंडत होतं, पण आईच्या पाठीमागून. चेहऱ्यावर उजेड टाकायचा तो मीच.

“तासाभरात परत इस्पितळात न्यायचंय,” बाबा म्हणाले.

नवरी खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली. “आई, बघ ना, सगळे केस विस्कटले माझे!”

“माझे बघ,” आई म्हणाली. “सकाळपासून एकही हललेला नाही.” आणि तिने स्कार्फ ओढून काढलाच. मग दोघी अशा हसल्या की आईचे खांदे हलायला लागले.

“हं, इकडे!” मामांचा आवाज. फ्लॅश चमकला. मी उडालो.

त्याच्या मागोमाग ताईंनी बटण दाबलं. मी रिकामा होतो. त्यांच्या कॅमेऱ्यात झगझगीत खिडकी आली आणि दोन काळ्या आकृत्या.

आईने स्कार्फ पुन्हा बांधला. ताई धावल्या. “काकू, एकदाच हसाल का पुन्हा?”

“मागून आणलेलं हसू कसलं गं?” आई दमून म्हणाली. बाबांनी खुर्ची वळवली.

ताईंनी मला स्टँडवरून उतरवलं. डोळे भरले होते त्यांचे. इतक्यात मामांनी फुलदाणीचा फोटो काढला आणि मी ताईंच्या हातातच उडालो. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मामांकडे. म्हणजे माझा मघाचा उजेड मामांच्या फोटोत गेला होता.

“मामा! तुमच्या कॅमेऱ्यात रोल आहे ना?”

“आहे की.” मामांनी कॅमेरा कानाशी नेऊन हलवला. “म्हणजे... असावा. मागच्या सहलीला नव्हता.”

त्यानंतर कुणाला घास गेला नसेल.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ताईंनी ओळखीच्या रोल धुणाऱ्याला अंथरुणातून उठवलं. मामा दाराशी उभे राहून नखं खात होते. रोल होता! फोटो वाकडा, कोपऱ्यात मामांचं बोट, पण मधे दोघी लख्ख, तोंड उघडं टाकून हसणाऱ्या.

“मामा, उजेड माझा आहे हं,” ताई म्हणाल्या.

“आणि बोट माझं,” मामा म्हणाले. मग चष्मा पुसत बसले.

इस्पितळात आईला न्यायची तयारी चालली होती. तिने फोटो हातात धरला. डोळ्यांजवळ नेला.

“कान बरे आहेत की माझे,” म्हणाली. आणि डोक्यावरची कागदी टोपी काढून मुलीच्या हातात दिली. मग ताईंकडे वळली. “आता माझा एकटीचा काढ. नीट.”

ताईंनी मला छताकडे वळवलं, म्हणजे उजेड डोळ्यांत जाणार नाही. मामांनी आपला कॅमेरा आपण होऊन पिशवीत ठेवला.

“आई, हस ना,” नवरी म्हणाली.

“सांगू नकोस,” आई म्हणाली.

ताईंनी हाक मारली. मी उडालो.

मग आईला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि दार लागलं. बाहेरच्या बाकावर सगळे ओळीने बसलेत. मी ताईंच्या मांडीवर पुन्हा भरून तयार आहे. ती बाहेर येईल तेव्हा माझं काम लागणार. तोवर हात जोडतो, इथे कुणी फ्लॅश मारू नका.