फीत न बांधता

रोशनी भोये अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. सुरगाण्याकडची पोर, बोलायला कमी आणि हाताला चपळ. पट्ट्यावरून बटणाचा सांगाडा पुढे आला की त्यात स्प्रिंग बसवायची, दाबून बघायची आणि पलीकडच्या अंजलीकडे सोडायचा. पट्टा चालेल त्या वेगानं हात चालवायचे. घरी गेलं की भाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि एका खोलीतला संसार. तिथं वहिनीच्या घाईनं चालायचं.

तिचा असा एक पहाटेचाच तास होता. उजाडायला लागलं की ती बूट चढवायची आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याकडे पळत सुटायची. आश्रमशाळेत असताना ती राज्य पातळीपर्यंत पळून आली होती. मग बाप गेला, शाळा सुटली, पळणंही सुटलं. नाशकात आल्यावर कुठल्याशा सकाळी बस चुकली म्हणून ती कारखान्यापर्यंत पळत गेली, आणि दारात धापा टाकत उभी असताना तिला एकदम हसूच आलं. तेव्हापासून तिनं एक दिवस चुकवला नव्हता. जानेवारीत गंगापूर रोडला मोठी दौड होते, त्यात दहा किलोमीटरला तिनं दसऱ्यालाच नाव घालून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर एचआरला सायली मॅडम आल्या आणि कारखान्याची सकाळ बदलली. पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी गोलात उभं राहायचं, एकमेकांचे हात धरायचे आणि ओरडायचं, "आम्ही एक, आमचा श्वास एक!" शनिवारी सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे. जेवायला लाईनीनं एकत्र बसायचं. रोशनी गोलात उभी राहायची, घोषणाही द्यायची. घसा थोडा मोकळा होतो, एवढंच तिचं त्यावर मत होतं.

डिसेंबरात मॅडमनी त्याच दौडीची घोषणा केली. प्रत्येक लाईनीतून, म्हणजे एकेका पट्ट्यावरून, दहा जणांचा संघ. सगळ्यांनी मनगटाला मनगट निळ्या फितीनं बांधायचं, एकत्र निघायचं, एकत्र पोचायचं. सगळ्यात एकसंध लाईनीला ढाल. आणि कंत्राटी कामगारांना कायम करताना संघभावनेचेही गुण धरले जाणार. रोशनी कंत्राटी होती आणि तिची कायम व्हायची वेळ मार्चमध्ये होती.

तिनं चहाच्या सुट्टीत मॅडमचं दार वाजवलं.

"मॅडम, माझं नाव आधीच घातलेलं आहे. एकटीचं."

"अरे वा! मग काढून घे ना. आमच्या संघात ये, तू तर आघाडीला पाहिजेस."

"आघाडी कशी असेल मॅडम, सगळे बांधलेले असणार ना?"

सायली मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. बाई वाईट नव्हती. तिनं खुर्ची जरा पुढे ओढली. "रोशनी, पुण्याच्या कंपनीत मी वर्षभर एकटी जेवले. कुणी 'ये' म्हणालं नाही. रडायला यायचं मला. इथं असं कुणाचं होऊ नये म्हणून मी हे सगळं करते."

रोशनीला ते पटलं. वर्षभर एकटं जेवणं काय असतं, हे तिला वसतिगृहाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. ती म्हणाली, "तुम्हाला बोलवायला हवं होतं त्यांनी. पण मॅडम, बोलावलं की नाही म्हणायची सोय असते. इथं ती नाही."

"विचार कर," मॅडम म्हणाल्या. "मार्च लांब नाहीये."

बातमी पट्ट्यावर तिच्याआधी पोचली होती. दुपारी अंजलीनं डब्यातली मेथी तिच्याकडे सरकवली नाही. रोज सरकवायची. "तुला काय, तू पळशील पुढं," ती म्हणाली. "दहा नसले तर लाईनीला ढाल नाही. आणि नाव कुणाचं खराब? सगळ्यांचं."

लाईनीचे प्रमुख दत्तू आहेर, निफाडचे. बावन्नचे, अंगानं जड, साखरेच्या गोळ्या चालू. संध्याकाळी पाळी सुटल्यावर कारखान्याच्या आवारात सराव ठेवला होता, तेव्हा रोशनी तिकडून घरी निघाली होती. नऊ जण फितीत अडकून चालले होते आणि मधोमध दत्तूभाऊ, तोंड काळंनिळं झालेलं. दुसऱ्या फेरीत ते खाली बसले. बाकीचे पाण्यासाठी पांगले. रोशनी त्यांच्याजवळ गेली.

"दत्तूभाऊ, तुम्हाला पळायचंय का?"

"मला?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "मला जिना चढवत नाय पोरी. पण मला विचारलं कुणी?"

"मग सांगा की मॅडमना."

"आता या वयात काय सांगायचं? वरच्यांच्या नजरेत भरलो तर अजून काय काय मागं लागंल." थोडं थांबून ते म्हणाले, "तू ये आमच्यात. लय वाईट दिसतं गं, आपल्याच लाईनीची पोर बाहेर."

ती रात्री अंथरुणात बराच वेळ जागी होती. ढाल, अंजली, मार्च, सगळं डोक्यात फिरत होतं. कायम झाली तर वेगळी खोली घेता येईल, हेही फिरत होतं. सकाळी पांडवलेण्यांच्या चढाला लागली तेव्हा मात्र पाय आपोआप सुटले आणि तिचं ठरलं.

त्याच सकाळी गोलात मॅडम म्हणाल्या, "आपण जबरदस्ती करत नाही हं. कुणाला पळायचं नसेल त्यानं हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. दत्तूभाऊ बुटाकडे बघत राहिले. मग रोशनीनं अंजलीच्या हातातून आपला हात सोडवला आणि वर केला.

"मला पळायचंय मॅडम. पण बांधून नाही. मी माझ्या नावानं पळणार."

मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे." पण त्यांचा चेहरा पडला, आणि त्या दिवशी घोषणा कुणी मनापासून दिली नाही.

घरी भाऊ चिडला. "कायम व्हायची वेळ आली अन् तुला पळायचं सुचतंय? बांधू देत की फीत, हात झडतोय का?" रोशनी भाकरी थापत राहिली. "दादा, आपल्या घरात मी कुणाचं काही मोडलंय का आजवर?" भावानं ताट पुढे ओढलं. "हे एक मोडू दे," ती म्हणाली.

दौडीच्या दिवशी थंडी अशी होती की गंगापूर रोडवर माणसांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. लाईनीचे लोक निळे टी-शर्ट घालून एका बाजूला फोटो काढत होते. रोशनी जुन्या जर्सीत दुसऱ्या बाजूला उभी होती. कुणी हात केला नाही. तिनंही केला नाही.

शिट्टी झाली. पहिला पल्ला ती उतावळेपणानं फार जोरात गेली आणि आनंदवलीपर्यंत छाती पेटली. एक एक करत चार बायका तिच्यापुढे निघून गेल्या. तिला राग आला, मग तिनं राग सोडला आणि ती श्वास मोजायला लागली, शाळेतल्या सरांनी शिकवलं तसं. गंगापूर गावाजवळच्या चढाला पाय पुन्हा तिचे झाले. त्या चौघींतली एक मागे पडली. वळणाला दुसरी.

परतीच्या वाटेवर समोरून निळा घोळका येताना दिसला. ते अजून जायच्याच दिशेला होते, आणि पळत नव्हते, चालत होते. एकाच्या बुटाची नाडी सुटली म्हणून सगळे वाकडे झालेले. अंजलीनं तिला पाहिलं. "रोशनी, ये ना गं, फोटोपुरती तरी!"

रोशनीचा वेग एका पावलापुरता कमी झाला. तेवढ्यात घोळक्याच्या मधून दत्तूभाऊंचा आवाज आला, धापांनी तुटलेला. "थांबू नको! पळ तू, पळ!"

ती पळाली. पुढचं तिला नीट आठवलंच नाही. सोमेश्वरची कमान गेली, दुतर्फा माणसं टाळ्या वाजवत होती, शेवटी एका उंच बाईला गाठता गाठता राहिली. बायकांमध्ये ती सहावी आली. सहाव्याला बक्षीस नव्हतं. एका झाडाला धरून ती ओकली, तोंड धुतलं आणि मग तिथंच फुटपाथवर बसून हसत सुटली.

निळा संघ तासाभरानं पोचला. दत्तूभाऊंना दोघांनी धरलं होतं. ढाल दुसऱ्याच लाईनीला मिळाली.

मार्चमध्ये सायली मॅडमनी तिला बोलावलं. "तुझं काम उत्तम आहे. पण संघभावनेचा रकाना आहे, आणि तिथं मी खोटं लिहू शकत नाही. सहा महिने कंत्राट वाढेल. मला वाईट वाटतंय."

वेगळी खोली सहा महिने लांब गेली. "जे झालं ते लिहा मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या जानेवारीतही मी माझ्याच नावानं पळणार. ते आजच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणाला फसवलं असं वाटायला नको."

मॅडमनी रकाना भरला आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.

होळीच्या आदल्या सकाळी गोलात मॅडमनी नवा बेत काढला, लाईनीलाईनीत रस्सीखेच. नावं त्यांनीच ठरवून आणली होती. पहिलंच नाव दत्तूभाऊंचं. ते म्हणाले, "मॅडम, मी नाय ओढणार. डॉक्टरनं नको म्हटलंय. आणि नसतं म्हटलं तरी मला आवडत नाय."

मॅडमचा हात कागदावर तसाच राहिला. मग कागद घडी करून खिशात टाकला आणि विचारलं, "बरं. कुणाला ओढायचंय?"

आधी कुणीच हललं नाही. खरंच विचारताहेत की तपासताहेत, ते लोकांना कळेना. मग पॅकिंगचे दोघे पुढे झाले. एक बाई म्हणाली, तिला टाळ्या वाजवायला आवडेल, ओढायला नाही. मॅडम म्हणाल्या, चालेल.

रोशनीनं बाह्या वर केल्या. रस्सीखेच तिला लहानपणापासून आवडायची. गावच्या जत्रेत ती मुलांच्या बाजूनं ओढायची. "मी येते," ती म्हणाली, "पण मला सगळ्यात मागे उभं करा. शेवटचा माणूस घट्ट लागतो."

"तूच?" मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

"विचारलंत ना," रोशनी म्हणाली. अंजली तिच्यामागून पुढे आली, जरा ओशाळत, आणि दोघी दोर आणायला गोदामाकडे निघाल्या.