शेजारच्या शहरात कुणी आजारी नव्हतं

मित्रांनो, मी आरोग्य विभागाच्या कचेरीतला एक जुना फोन आहे. काळा, जड, पिळाच्या वायरचा. कारखान्यात माझी घंटा बसवणाऱ्या कारागिराने मला वाजवून पाहिलं आणि तो म्हणाला, "हा झोपलेल्या गल्लीला उठवेल!" मला फार अभिमान वाटला होता. पुढे कळलं, की झोपलेला माणूस उठतो. "हे माझं काम नाही" म्हणणारा उठत नाही.

सुरुवातीची वर्षं माझं टेबल कुणाचंच नव्हतं. मी वाजलो की शिपाई कारकुनाकडे बघायचा आणि कारकून पंख्याकडे. "थांबेल आपोआप," असं कुणीतरी म्हणायचं. आणि मी थांबायचो. दुसरं काय करणार?

मग विभागाने मानांकन घ्यायचं ठरवलं. बाहेरचे तपासनीस येऊन पाहणार होते, की रोगराईची खबर आल्यावर इथे ठरलेल्या रीतीने काम होतं का. होत असेल तरच दाखला. त्यांच्या नियमांतला एक नियम माझ्यासाठी होता: फोनपाशी कायम कुणीतरी नेमलेलं हवं आणि आलेल्या प्रत्येक खबरीचा माग काढायला हवा.

तेव्हापासून माझ्यासमोर एक सिस्टर बसू लागल्या. मी वाजलो की म्हणायच्या, "बोल बाबा, आज काय वाढून ठेवलंयस?"

एकदा एका शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींचा फोन आला. "बाई, पोरं एकामागोमाग एक उलट्या करतायत. कुणाला सांगू?"

"मला सांगा. पाणी कुठलं पितात?"

"गच्चीवरच्या टाकीचं."

"नळ बंद करा आधी, मग बोलू."

टाकी बंद झाली. बाकीची सगळी मुलं धडधाकट घरी गेली. आपण कशातून वाचलो हे त्यांना कळलंही नाही. त्या दिवशी सिस्टरांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसलं. एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

दाखल्याची मुदत संपत आली आणि वर प्रश्न निघाला, या मानांकनाने लोकांचं भलं झालं तरी किती? ते मोजायला एक ताई आली, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. जो आजार झालाच नाही तो मोजायचा कसा? म्हणून तिने तुलनेसाठी मानांकन नसलेलं शेजारचं शहर घेतलं. तक्ता तयार झाला. आमच्याकडे जुलाब-उलट्यांचे रुग्ण पुष्कळ, शेजारी जवळजवळ नाहीतच.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे दाखला घेऊन आपण जास्त आजारी पडलो?"

तक्ता वर, मानांकनाचा निर्णय घेणाऱ्या समितीकडे गेला. ताईला मात्र चैन पडेना. तिने माझ्यावरून शेजारच्या शहराच्या आरोग्य कचेरीला फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"सिस्टर, तिथे कुणी उचलतच नाही!"

"म्हणून तर तिकडची माणसं इथे फोन करतात. त्यांना काय नाही म्हणू?"

"आणि त्यांची नोंद?"

"आपल्यातच. आणखी कुठे करू, कपाळावर?"

ताईने डोक्याला हात लावला. "म्हणजे त्यांचे रुग्ण आपल्याकडे, आणि त्यांचा आकडा शून्य!"

तिकडून आलेले ते सगळे आवाज मी ऐकले होते, मित्रांनो. पण मी दुसऱ्यांचे आवाज पोचवतो, मला स्वतःचा नाही.

ताई लगबगीने समितीकडे गेली. परतली तेव्हा तिची चाल मंदावली होती.

"काय म्हणाले गं?" सिस्टरांनी विचारलं.

"म्हणाले, मुद्दा बरोबर आहे. पण तक्ता छापून झालाय."

मानांकन पुढे चालू ठेवलं नाही. नियम गेला, त्याबरोबर समोरची खुर्चीही गेली. सिस्टरांची बदली औषधांच्या कोठारात झाली. जाताना त्यांनी माझी गुंतलेली वायर सोडवली.

आता मी वाजतो आणि थांबतो. पलीकडे कोण होतं, ते मला कळत नाही. उचलल्याशिवाय मलाही ऐकू येत नाही. कुणाची आई असेल, कुणाचे मास्तर असतील. कदाचित चुकीचा नंबरही असेल. तसाच असू दे, असं मी दर वेळी मनात म्हणतो.

नोंदी थांबल्या, तसा रुग्णांचा आकडा भराभर उतरला. साहेबांच्या खोलीत अभिनंदनाचं पत्र लागलं आहे.

मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा तुम्हीही असे तक्ते वाचाल. एखाद्या शहरात आजारी माणूसच नाही असं दिसलं, तर टाळ्या वाजवण्याआधी तिथे एक फोन करून बघा. आणि तुमच्याजवळचा फोन वाजला, तर तो कुणाच्या टेबलावर आहे हे बघत बसू नका. उचला.

मी पुन्हा वाजायला लागलोय. खोलीत माणसं आहेत. सगळी पंख्याकडे बघताहेत.