मेलानियो सुटायला तयार नाही

पोलीस मेलानियोला सोडवायला आले आणि इथेच सोडून गेले. पण असं काही झालेलं नाही. आमच्या पाल्तारुमी गावात पोलीस आलेच नाहीत, आणि चिखलात रुतलेली त्यांची गाडी आम्ही ढकललीही नाही.

मेलानियोने ओबदुलियाबाईची गाय चोरली होती. गावकऱ्यांच्या गस्तीने, म्हणजे रोंदाने, त्याला शिक्षा दिली: गावोगाव फिरून दिवसा पाट खणायचे, रात्री गस्त घालायची आणि शेवटी भर सभेत गाईच्या मालकिणीसमोर उभं राहायचं. तिने मान हलवली की तो पुन्हा आमच्यातला. शहरातल्या तुरुंगात गेला, तर जन्मभर गायचोरच. पोलिसांच्या लेखी मात्र रोंदाने त्याला पळवून नेलं होतं.

त्या न झालेल्या सकाळी रात्रीची गस्त अजून संपायची होती, आणि वेशीवर पहारा त्याचाच होता. त्याने चाबूक आडवा धरून इन्स्पेक्टरकडे ओळखपत्र मागितलं. इन्स्पेक्टरला वाटलं, हाच म्होरक्या. पळवून आणलेला माणूस कुठे कोंडलाय, म्हणून त्याने दरडावलं.

"मीच तो," मेलानियो म्हणाला. "पण आत्ता ड्यूटीवर आहे."

"तुझी सुटका झाली. आता चोरीबद्दल अटक. बस गाडीत."

"मग पळवलेलाच बरा होतो की, साहेब."

इन्स्पेक्टर भडकला. रोंदाच्या प्रमुख एतेल्विनामावशीलाच अपहरणाबद्दल नेतो म्हणाला. मावशीने कोकाची पानं या गालातून त्या गालात सरकवली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मेलानियो चाकासमोर आडवा झाला. मावशीला नेलं तर माझ्यावर नजर कोण ठेवणार, मी पळालो तर जबाबदार कोण, असं तो तिथूनच विचारत राहिला. तेवढ्यात बाकीच्या बायाही, आम्हीपण पळवलंय म्हणत, गाडीत चढल्या. कुणी उकडलेले बटाटे घेऊन, कुणी लोकर कातत. एकीने मेंढी आणली. मेंढीचा गुन्हा काय, ते कळलं नाही. गाडी चिखलात बसली.

"उतरा सगळ्या," इन्स्पेक्टर म्हणाला.

"आधी अटक तर करा," मावशी म्हणाली.

आता न झालेल्या गोष्टीबद्दल साऱ्या गावावर खटला आहे. सबब सभेच्या ठरावानुसार विनंती की, माननीय सरकारी वकिलांनी आम्हा सर्वांना एकत्रच तुरुंगात ठेवावे, शेतं, गुरं आणि अर्धवट पाटासकट. तुरुंगाला भिंती नसाव्यात, गुरांना अडचण होते. आणि आमच्यावर पहारेकरी म्हणून मेलानियोची नेमणूक व्हावी. त्याची शिक्षा अजून संपलेली नाही, आणि ती तो कुणाच्याही हवाली करणार नाही.