आजोबांनी पुसलेला डाग

मित्रांनो, मी एक जुना ऑइल सील आहे. लोखंडी कडं, आतून रबराचा ओठ आणि त्यामागे केसासारखी बारीक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. आज सकाळी मिस्त्रीने मला उचकटून बाहेर काढलं. तेव्हापासून मी त्याच्या टेबलावर पडून आहे आणि अजूनही सुन्न आहे.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हाच माझं काम ठरलं होतं. गाडीच्या गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, जिथे बाहेर पडतो तिथे बसायचं. दांडा फिरू द्यायचा, आतलं ऑइल मात्र बाहेर जाऊ द्यायचं नाही. चौदा वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. शाबासकी राहू द्या, मी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

गाडी आजोबांची. त्यांची नजर कमी झाल्यावर ती सून चालवू लागली. ती नर्स, रोज घाट उतरून रुग्णालयात जायची. वयाने माझा ओठ कडक झाला आणि एके दिवशी पहिला थेंब निसटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वाटलं, बरं झालं, गाडीखालच्या फरशीवरचा डाग कोणीतरी पाहील.

पाहिला आजोबांनी. आणि जुना बनियन आणून चक्क पुसून टाकला. माझा विश्वासच बसेना. मग गाडी बाहेर पडली की आजोबा बनियन घेऊन हजर, हे रोजचंच झालं. या गाडीने आता काही खर्च काढला तर विकून टाकू, असं सून एकदा सहज म्हणाली होती. त्याची त्यांनी धास्ती घेतली होती. पुढे गिअरमधून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा आजोबांनी खराब रस्त्यावर खापर फोडलं आणि सुनेने रेडिओ मोठा केला.

आज सून आजोबांना घेऊन मिस्त्रीकडे आली, तेव्हा टायर बदलताना त्याला चाक आतून ओलं दिसलं. त्याने गिअरबॉक्सखालचा बोल्ट काढला. बादली लावली होती, पण पडलं जेमतेम कपभर काळं ऑइल, त्यात लोखंडाचा चुरा. मिस्त्रीचा चेहराच उतरला.

"ताई, घाटात गिअरबॉक्स जॅम झाला असता," तो म्हणाला. "फरशीवर डाग नाही का दिसला?"

"दिसायचा," आजोबा म्हणाले. "मी पुसत होतो. तू गाडी विकशील म्हणून."

सून तिथल्या स्टुलावर मटकन बसली. म्हणाली, "गाडी दुसरी मिळाली असती, बाबा."

मिस्त्रीने नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावलं, पाइपाच्या तुकड्याने त्याला सगळीकडून सारखं ठोकून बसवलं आणि ओरखडा पडू न देता दांडा आत सरकवला. उजेडासाठी आजोबांनी हातात बॅटरी धरली होती. नवं ऑइल भरून झाल्यावर त्यांनी मला उचलून सुनेला दाखवलं.

"उद्यापासून गाडीखाली पांढरा पुठ्ठा घालतो," ते म्हणाले. "थेंब पडला तर आधी तुला हाक मारीन."

मित्रांनो, डाग पुसायची घाई करू नका. आधी वाकून वर पाहा. आम्हाला तोंड नाही, सांगायचं ते आम्ही फरशीवरच सांगतो.