गोड तंबाखू

मंगलने उभ्या आयुष्यात एकही विडी ओढली नव्हती. वळल्या मात्र लाखांनी. सिन्नरला माहेरी ती आणि तिची बहीण सुलू, दोघी मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार-हजार विड्या वळायच्या. लग्न होऊन राजगडाच्या पायथ्याला पालीत आली आणि ते काम सुटलं. आता ती गड उतरून येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालायची.

त्या दुपारी वैदेही नावाची पुण्याची एक मुलगी जेवून ओट्यावर टेकली. तिने चपट्या डबीतून बोटभर लांबीचं, तपकिरी काहीतरी काढलं.

"मावशी, ओढू का इथं?"

"वढ की. पण दोरा कुठं हाय गं त्याला?"

"दोरा? अहो, हा सिगार आहे. छोटा. दादाने परदेशातून आणलाय. घ्या, बघा."

मंगलने पदराला हात पुसून तो घेतला, उजेडात फिरवला. विडीला वरून टेंभुर्णीचं पान असतं, ते दोऱ्याने बांधतात. इथं वरचं पानसुद्धा तंबाखूचंच होतं. तिरपं गुंडाळत नेलेलं, आणि त्याची कड कुठं संपते ते नखाला लागेना. आपल्या बोटांना हे जमलं नसतं, हे तिला तिथल्या तिथं कळलं.

"कुणी वळलं आसंल गं?"

"काय माहीत! ओढून बघा ना. धूर गिळू नका, तोंडातच फिरवा."

मंगलने टोक ओठांत धरलं आणि थबकली. गोड! काकवीत बुडवून काढल्यागत गोड. तंबाखू म्हणजे कडू, एवढंच तिला ठाऊक. कितीही हात धुतले तरी बोटांवरून घासात उतरायची, भात कडू करून टाकायची. तिने चुलीतलं कोलीत लावून एक झुरका घेतला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी तोंडातली गोडी हटेना.

"आवडला का?" वैदेहीने विचारलं.

मंगलने पुन्हा ओठ चाटले. धुराकडे बघत राहिली.

मुलगी गेल्यावर तिने सुलूला मोबाईल लावला.

"सुले, तंबाखू गोड लागती गं!"

"दुपारचं डोकं फिरलं काय तुजं?"

"आईशप्पत. आत्ता परदेशातली विडी चाखली म्या."

पलीकडे सुलूने सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "वळली कशी व्हती, ते सांग आधी."

मंगल पाय पसरून ऐसपैस बसली आणि सांगायला लागली.