आमच्याकडे नीट दिसतं

त्यांच्या कॉम्प्युटरवर जी सिस्टीम चालायची, तिचं नाव सांगितलं की ऐकणारा काळजीने विचारायचा, "मग औषध काय चालू आहे?" जगात कुणीतरी एखादा प्रोग्रॅम लिहून फुकट वाटतो, तो या अनवट सिस्टीमवर चालावा म्हणून इथे ठिगळ, तिथे टाका घालून त्याचं पॅकेज बांधून साइटवर ठेवायचं, हे त्यांचं फावल्या वेळचं समाजकार्य. पगार शून्य, मान त्याहून थोडा कमी. बायको त्यांना पुडीवाले म्हणे. "माल दुसऱ्याचा, पुडी आपली," ती सांगायची, "आणि रुबाब मात्र कारखानदाराचा!"

रुबाब होताच. बांधताना एरर आली नाही म्हणजे पॅकेज उत्तम, ही त्यांच्या मंडळींची रीत. उघडून बघण्याचा चोंबडेपणा कुणी करत नसे. वापरतंय कोण? मध्यंतरी एक तक्रार आली होती, एक्स-रे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल: चित्र उलटं दिसतं, डावं उजवीकडे जातं. पुडीवाल्यांनी तो प्रोग्रॅम जन्मात उघडला नव्हता. त्यांनी बाणेदारपणे लिहिलं, "आमच्याकडे नीट दिसतं. बघण्यात चूक असावी," आणि तक्रार बंद करून चहा घेतला.

आज ते दातांच्या डॉक्टरांपुढे उताणे पडले होते.

"डावी अक्कलदाढ दुखते," त्यांनी सुई टोचण्यापूर्वी सांगून पाहिलं होतं.

"दुखणं फसवं असतं, काका. दोन्ही दाढा हिरडीखाली दडून बसल्यात. एक्स-रेत उजवी वाकडी रुतलेली आहे, आणि एक्स-रे खोटं बोलत नाही."

शिकल्यासवरल्या माणसाशी वाद कशाला, म्हणून त्यांनी आ वासला. उजवा जबडा आणि जीभ बधिर झाली, तोंडात कापसाचे बोळे बसले, तेव्हा कुठे त्यांची नजर समोरच्या स्क्रीनवर गेली. एक्स-रेच्या वर प्रोग्रॅमचं नाव होतं. पुडी घरचीच होती.

"आंऽऽ! उलऽऽ!"

"उलटं ना?" डॉक्टर खूश झाले. "सिस्टीम ओळखलीत वाटतं! मेहुण्याने बसवून दिली. व्हायरस येत नाही म्हणाला. येईल कसा? व्हायरसवाल्यांनाच ठाऊक नाही हो ही! आम्हालाही आधी चित्र उलटं वाटायचं. मी रीतसर तक्रार केली. तिथल्या जाणकाराने कळवलं, नीट आहे, बघण्यात चूक. फुकट राबणारी माणसं, ती कशाला थापा मारतील? तेव्हापासून मीच माझी नजर सुधारून घेतली."

असिस्टंट ताईंनी पकड डॉक्टरांच्या हातात दिली. पुडीवाल्यांनी डावा गाल बडवला.

"हलू नका, काका."

त्यांनी खिशातून फोन ओढला.

"अहो, आत्ता कुणाला फोन करताय?" ताई करवादल्या. "बोलणार कशाने?"

अंगठ्याने त्यांनी ती जुनी तक्रार शोधली, पुन्हा उघडली. साइटने कारण विचारलं. चूक कबूल करायची, तीही चारचौघांत, कायमची लेखी! इतक्या वर्षांत कमावलेली अब्रू एकीकडे, धडधाकट दाढ दुसरीकडे. अंगठा घुटमळला. पकड हिरडीला टेकली आणि अब्रूचा निकाल लागला.

डॉक्टरांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मेल टपकला. ताईंनी मोठ्याने वाचला, "तक्रार खरी. चूक माझी. डॉक्टर, थांबा."

डॉक्टरांनी स्क्रीनकडे पाहिलं, काकांच्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि पकड खाली ठेवली.

"कुठे दुखतं म्हणालात?"

पुडीवाल्यांनी डाव्या गालावर बोट ठेवलं.

"असं होय," डॉक्टर दुसरी सुई भरत शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे तर उजवीकडे दिसत होतं."

ताई चाचरल्या. "सर, मग परवाचे ते आजोबा?"

"आजोबांची काही तक्रार आलीय?"

"नाही अजून."

"मग त्यांच्याकडे नीट आहे," डॉक्टर म्हणाले. "काका, आ करा."