नुसतं ग्रीस

मी एक जुनी मिनिव्हॅन आहे आणि माझं सरकतं दार खांदा लावून ढकलल्याशिवाय बंद होत नाही. मूळचा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे. मित्रांनो, लोक गाडी बघताना रंग बघतात, काचा बघतात, फार तर सीट दाबून बघतात. वाकून खाली कोणी बघत नाही. गाडीचा जीव मात्र तिथेच असतो. खड्ड्यांचे दणके सोसणारे शॉकअप तिथे असतात, स्टिअरिंग फिरलं की चाकं वळवणारे दांडे असतात आणि प्रत्येक पुढच्या चाकाशी मुठीएवढा एक बॉल जॉइंट असतो. वाटीत गोटी बसवावी तसा तो दिसतो. चाकाला वळू द्यायचं, वरखाली होऊ द्यायचं, पण सुटू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. माझ्या डाव्या चाकाच्या बॉल जॉइंटने एका बाईचं आयुष्य मोडलं. खरं तर त्याने नाही मोडलं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला एका फर्निचरवाल्याने घेतलं. त्याने माझ्या पाठीवर कपाटं लादली, पलंग लादले आणि मी मागच्या बाजूने खचू लागले तसं मला विकून टाकलं. मग मी एका नवरा-बायकोच्या दारात आले. शाळेच्या मुलांची ने-आण करायची असं नवऱ्याने ठरवलं होतं. पण तो करकचून ब्रेक मारायचा, मुलांवर खेकसायचा आणि एक दिवस त्याने मला शाळेच्या फाटकाच्या खांबावर घासलं. दुसऱ्या दिवशी पालकांनी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "उद्यापासून तुमच्या मिसेसना पाठवा. नाहीतर आम्ही दुसरी गाडी बघतो."

तो हसला. पण घरी येईपर्यंत त्याने माझा गिअर असा काही हिसडला की मला वाटलं, दांडी त्याच्या हातात येणार.

मग बायको मला चालवू लागली. मुलं तिला मावशी म्हणायची. म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरवतात तसं ती मला खड्ड्यातून काढायची, आधी एक चाक, मग दुसरं. दर रविवारी ती माझ्या टायरांवरून हात फिरवायची. तिच्या मागच्या सीटवर एक मुलगी बसायची. तिच्या गालात कायम काहीतरी खाऊ असायचा, म्हणून मावशी तिला खारूताई म्हणायची. शाळा सुटली की खारूताई धावत येऊन माझ्यात चढण्याआधी मावशीला मिठी मारायची. पालक म्हणत, मावशी आहे तर घोर नाही. हे शब्द नवऱ्याच्या कानावर पडले की तो खिडकीपासून उठून आत निघून जायचा.

एक दिवस वळताना माझ्या डाव्या चाकातून आवाज आला. टक्क. पुढच्या वळणावर पुन्हा टक्क. स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं. मावशीने टायर चाचपला, तर आतली कड गुळगुळीत झाली होती.

"अहो, डाव्या चाकातून आवाज येतोय," ती दारात उभ्या नवऱ्याला म्हणाली. "जरा गॅरेजला दाखवता का?"

"गाडी वाजते की तुझं डोकं वाजतं?"

"मुलं असतात हो आत."

तिने रोज सांगितलं. शेवटी तो मला घेऊन गेला. मिस्त्रीने मला जॅकवर चढवलं, चाक वर-खाली धरून हलवलं आणि चाक लटपटलं.

"साहेब, बॉल जॉइंट गेलाय. वरचं रबर फाटून आत पाणी शिरलंय. हे चाक कधीही निखळेल. आजच बदला."

"आवाज बंद करायला काय लागेल?"

"आवाज काय, ग्रीस भरलं की थोडे दिवस गप्प बसेल. पण झिजलेलं ते झिजलेलंच."

"मग नुसतं ग्रीस मार."

मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलं. "वहिनी पोरांना नेतात ना यातून?"

"नेतात ना. वहिनींना फार कळतं गाडीतलं, सगळं गाव म्हणतं. बघू या किती कळतं."

मिस्त्रीने खांदे उडवले. "गाडी तुमची," म्हणाला आणि ग्रीसची पिचकारी हातात घेतली.

घरी आल्यावर नवऱ्याने किल्ली तिच्यापुढे टाकली. "बॉल जॉइंट नवीन बसवलाय. आता तरी तोंड बंद ठेव." ती एवढी खूश झाली! माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "सुटलीस बाई." आणि मी खरोखरच गप्प होते. ग्रीसने माझं तोंड बंद केलं होतं.

शाळेच्या फाटकापाशी वळताना ते घडलं. गोटी वाटीतून निखळली, डावं चाक बाहेर दुमडलं आणि मी नाकावर बसले. वेग कमी होता म्हणून मुलं वाचली. खारूताईचं तोंड पुढच्या सीटवर आपटलं, ओठ फाटला, दात पडला. स्टिअरिंगच्या हिसक्याने मावशीचा अंगठा मोडला. तो लोंबता अंगठा छातीशी धरून तिने एकेक मूल खाली उतरवलं. कोणाचं लक्ष त्या अंगठ्याकडे गेलं नाही.

पालक जमले. नवरा आला, मागोमाग मिस्त्री आला. नवऱ्याने सगळ्यांदेखत कपाळाला हात लावला. "किती वेळा सांगितलं हिला, तुला जमत नाही! पण ऐकेल तर शपथ."

मावशी खाली वाकली. तुटलेल्या जॉइंटवर जुना गंज होता आणि गंजावर ताजं ग्रीस होतं. मग तिने मिस्त्रीला विचारलं, "दादा, हा नवा आहे?"

मिस्त्रीने आधी नवऱ्याकडे बघितलं.

"नवाच होता, वहिनी. खड्ड्यात आपटली की नवासुद्धा तुटतो. गाडी जरा सांभाळून चालवायची असते."

"गंजही नवाच का मग?"

पण तोवर खारूताईच्या वडिलांचा आवाज चढला होता. "पोरांच्या जिवाशी खेळता?" त्यांनी तिच्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि नवऱ्याला दिली. ज्या हातातून ओढली, तोच तिचा मोडका हात होता.

मित्रांनो, त्यानंतर माझे लाड झाले. शाळेची फेरी नवरा स्वतः करणार होता ना! त्याने दोन्ही बॉल जॉइंट नवे टाकले, दांड्यांची टोकं बदलली, शॉकअप बदलले, चाकांची रेषा जुळवून घेतली. मी घरी आले तेव्हा हाताला प्लास्टर घातलेली मावशी बाहेर आली. गुडघे टेकून तिने खाली बघितलं. सगळं कोरं, चकचकीत.

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"काय काय बदलावं लागतं ते."

तो शीळ घालत आत गेला. तिने मला पुन्हा कधी हात लावला नाही.

आता मी रोज शाळेला जाते, अगदी सरळ चालते. पालक नवऱ्याला नमस्कार करतात. परवा एका नव्या मुलाने खारूताईला विचारलं, "आधी कोण चालवायचं गाडी?"

"एक मावशी होती," खारूताई म्हणाली. बोलताना तिच्या पडलेल्या दाताच्या फटीतून वारा जात होता. "तिला गाडी येतच नव्हती. तिने माझा दात पाडला."

नवऱ्याने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि तिला लिमलेटची गोळी दिली. तिने ती गालात धरली.

मित्रांनो, गाडी वाजते असं चालवणारा म्हणाला, तर खाली वाका. फाटलेलं रबर बघा, चाक हलवून बघा. आणि मला तोंड नाही, तुम्हाला आहे. ती मुलगी कधी भेटलीच, तर तिला सांगा, मावशीला गाडी फार छान चालवता येत होती.